भाषेच्या तासाचा ताळेबंद

शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक माध्यमिक शाळेत एक काम निमूटपणे उरकले जाते. पर्यवेक्षक मोठा कागद पुढे घेऊन वर्षाचे वेळापत्रक मांडू लागतात. चौकोन मोजके असतात, विषय पुष्कळ असतात, आणि खोडरबराला विश्रांती नसते. कोणत्या विषयाला सकाळची ताजी तासिका मिळते आणि कोणता विषय मधल्या सुट्टीनंतरच्या पेंगुळलेल्या वेळेकडे ढकलला जातो, हे पाहिले म्हणजे त्या संस्थेच्या मनातील विषयांची उतरंड जितकी स्पष्ट कळते, तितकी ती वार्षिक अहवालातून कधीच कळत नाही. मराठीच्या वाट्याला बहुधा ही दुसरी वेळ येते. मराठीचा शिक्षक त्याविषयी फारशी तक्रारही करीत नाही. त्याची खरी अडचण वेळ कोणती मिळाली ही नसून किती मिळाली ही आहे. आणि तिच्याविषयी बोलायचे कोणाशी, हेच त्याला ठाऊक नसते.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात भाषेविषयी बोलले गेले नाही असे कोणी म्हणणार नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठीचे अध्यापन टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. ते न करणाऱ्या शाळेला १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या सर्व प्रकरणांत अस्मिता, संस्कृती, राष्ट्रीय ऐक्य आणि राजकीय हेतू यांची चर्चा भरपूर झाली. जी भाषा शिकवायची ती कोणत्या चौकोनात बसवायची, आणि तेथून कोणता विषय उठवायचा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सांगितले जाते की, साधन मर्यादित असले म्हणजे एका गोष्टीची निवड ही दुसऱ्या गोष्टीचा त्याग असते. शालेय वेळापत्रकाइतके या सिद्धांताचे निखळ उदाहरण क्वचितच सापडेल. तरीही शिक्षकाचा वेळ ही हवेसारखी फुकट आणि अमर्याद वस्तू आहे, असे गृहीत धरूनच आपल्याकडे भाषाविषयक निर्णय घेतले जातात.

अर्ध्या मिनिटाचा वाटा

हिशेब अवघड नाही. माध्यमिक शाळेतील तासिका साधारणपणे ३५ मिनिटांची असते. आधीच्या तासाचे गुरुजी बाहेर पडणे, फळा पुसणे, वर्ग शांत होणे आणि पुस्तके उघडली जाणे यांत ५ मिनिटे सहज जातात. उरली ३०. शहरांतील अनुदानित शाळेत ६० मुलांची तुकडी ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला तासिकेतील अर्धे मिनिट आले. आठवड्याला मराठीच्या ६ तासिका धरल्या तर ३ मिनिटे. आणि परीक्षा, स्नेहसंमेलन, सुट्ट्या वजा जाता वर्षाचे ३६ आठवडे खऱ्या अध्यापनाचे धरले, तर संपूर्ण वर्षात १०८ मिनिटे. पावणेदोन तासांहून किंचित जास्त! एवढ्या वेळात त्या मुलाने वर्गात उभे राहून वाचायचे, प्रश्नाचे उत्तर द्यायचे, अडखळायचे, सुधारून घ्यायचे आणि पुन्हा बोलायचे. शिवाय हा हिशेबही शिक्षकाने वर्षभर तोंड उघडलेच नाही, अशा अशक्य गृहीतावर उभा आहे. शिक्षकाने निम्मा वेळ जरी स्वतः बोलण्यात घालवला, तरी मुलाचा वाटा तासाभराच्या आत येतो. प्रत्यक्षात तो सर्वांना सारखा मिळतही नाही. पुढच्या बाकावरची सहा-सात मुले हात वर करतात, त्यांच्याकडून उत्तर चटकन मिळते, धडा पुढे सरकतो. मागच्या बाकावरचा मुलगा जूनपासून एप्रिलपर्यंत ‘हजर’ या एका शब्दापलीकडे वर्गात काहीही न बोलता वरच्या इयत्तेत जाऊ शकतो.

लेखनाची कथा याहून बिकट आहे. एक निबंध लक्षपूर्वक वाचायचा, म्हणजे केवळ ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे नव्हे. विचार कोठे तुटला, वाक्य का लंगडे झाले, एखादा शब्द नेमका का नाही, हे समासात लिहून मुलाला सांगायचे. यासाठी ६ मिनिटे ही फार मोठी मागणी नाही. ६० वह्यांना ६ तास लागतात. एका शिक्षकाकडे तीन तुकड्या असल्या तर १८ तास. पंधरवड्याला एकच निबंध लिहून घ्यायचा ठरवले, तरी आठवड्याचे ९ तास केवळ वह्या तपासण्यात जातील. आणि हे तास वेळापत्रकाच्या कोणत्याही चौकोनात दाखवलेले नसतात. ते शिक्षकाच्या, बहुतेक वेळा शिक्षिकेच्या, घरच्या संध्याकाळीतून आणि रविवारातून वजा होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला पूर्वतयारीसह ४५ तासांची मर्यादा सांगितली आहे. त्या ४५ तासांत निबंधाची वही कोठे ठेवायची, हे कायद्याच्या परिशिष्टाने सांगितलेले नाही.

परिणाम कोणीही तर्काने सांगू शकेल. निबंधांची संख्या घटते. जे लिहून घेतले जातात त्यांचे मुद्दे फळ्यावर दिले जातात, म्हणजे साठही निबंध सारखेच येतात आणि तपासायला सोपे जातात. तपासणी म्हणजे लाल शाईची एक उभी खूण, तळाशी तारीख आणि आद्याक्षरांची सही. शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यांना पटकन दिसतात म्हणून तेवढ्याच दाखवल्या जातात. आणि भाषा म्हणजे वेलांटी चुकू न देण्याची कला, अशी मुलाची समजूत होऊन बसते. यात शिक्षकाचा आळस शोधणाऱ्यांनी त्याच इमारतीतील गणिताच्या शिक्षकाकडे पाहावे. त्याच्या वहीतील उत्तर बरोबर की चूक हे काही सेकंदांत कळते, आणि चूक असले तर कोणत्या पायरीवर ते सांगता येते. भाषेच्या शिक्षकाला ही सोय विषयानेच नाकारली आहे. तासिकांच्या मोजणीत मात्र दोघांचा कार्यभार समान मानला जातो.

न मोजलेले ते गळते

वेळ अपुरा पडला की काय टाकायचे याचा निर्णय शिक्षक स्वतः घेतो असे दिसते. वस्तुतः तो परीक्षेने आधीच घेतलेला असतो. दहावीच्या मराठीच्या १०० गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. बोलणे आणि ऐकणे ही जी भाषेची दोन मूळ अंगे, त्यांचे मोजमाप या २० गुणांत होणे अपेक्षित आहे. ते कसे होते याचा अप्रत्यक्ष पुरावा राज्याने एकदा पाहिला आहे. २०१८-१९ या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. २०१८ साली ८९.४१ टक्के लागलेला दहावीचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर उतरला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळे सारी घसरण या एका कारणावर लादता येणार नाही. परंतु पालकांनी, संस्थाचालकांनी आणि लोकप्रतिनिधींनी या गुणांकडेच बोट दाखवले, आणि पुढच्याच वर्षीपासून ते परत आले. या वादात शाळांवर गुणांची खैरात केल्याचा आरोप झाला. तो अगदीच निराधार होता असे नाही. तथापि ६० मुलांची तोंडी परीक्षा प्रामाणिकपणे घ्यायची, प्रत्येकाला ५ मिनिटे द्यायची, तर ३०० मिनिटे म्हणजे जवळजवळ ९ तासिका लागतात, आणि त्या काळात उरलेल्या ५९ मुलांनी काय करायचे हाही प्रश्न असतो, याचा विचार आरोप करणाऱ्यांनीही केला नाही आणि गुण परत देणाऱ्यांनीही केला नाही. वेळ न देता मागितलेले मोजमाप हे अंदाजानेच होणार. अंदाज करणारा सहृदय असेल तर तो २० पैकी १८ देतो.

इतर मंडळांच्या शाळांत तर हा प्रकार अधिक उघड आहे. कायदा आला म्हणून मराठी वेळापत्रकात आली. पण अनेक ठिकाणी आठवड्याला दोन-तीन तासिकांपुरती. एप्रिल २०२३ मध्ये करोनाकाळातील अडचणींचे कारण सांगून या शाळांतील विद्यार्थ्यांच्या एका तुकडीपुरती सवलत देण्यात आली, आणि मराठीचे मूल्यमापन एकूण गुणांत न धरता श्रेणीपुरते ठेवले गेले. सवलतीमागचे कारण खरे असेलही. परंतु जो विषय एकूण गुणांत नाही, त्याच्या तासाला विज्ञानाची अपुरी राहिलेली वही पूर्ण करायला कोणत्याही हुशार मुलाला सांगावे लागत नाही.

यावर दोन उपदेश नेहमी ऐकू येतात. पहिला, शिक्षकाने वेळेचे नियोजन सुधारावे. दुसरा, नव्या साधनांचा वापर करावा. नियोजनाने ५ मिनिटे वाचतात हे खरे. गटपद्धतीने मुले एकमेकांशी बोलतात, एकमेकांच्या वह्या वाचतात, हेही चांगलेच आहे, आणि कल्पक शिक्षक ते करीतही असतात. तथापि या उपदेशांमागे कारखान्यातील उत्पादकतेची जी कल्पना दडलेली आहे ती येथे लागू पडत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यातून पुढे आलेला विचार प्रसिद्ध आहे: यंत्रामुळे कापड विणायला लागणारा वेळ शतपटीने घटला, पण चार वादकांची एखादी जुनी रचना वाजवायला आजही तेच चार वादक आणि तेवढाच वेळ लागतो. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर विलंबित ख्याल दुप्पट लयीत गाऊन निम्मा वेळ वाचवल्याचा दावा कोणी गवई करणार नाही. केला तर श्रोते उठून जातील. मुलाचे वाक्य ऐकणे आणि ते त्याच्यासमोर दुरुस्त करणे हे याच जातीचे काम आहे. फळ्याच्या जागी पडदा आला म्हणून ते लवकर होत नाही. आता यंत्रे निबंध तपासूही लागली आहेत आणि लिहूही लागली आहेत. एका यंत्राने लिहिलेला निबंध दुसऱ्याने तपासावा आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी त्या वेळात मधली सुट्टी घ्यावी, अशी व्यवस्था खर्चाच्या दृष्टीने निर्दोष ठरेल!

वेळ कोणाला अधिक लागतो

भाषा शिकायला किती वेळ लागतो, याविषयी जगात काहीच माहिती नाही असे नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परकी भाषा शिकवते. तिच्या अनुभवानुसार इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला स्पॅनिशमध्ये कामापुरते प्रावीण्य येण्यास वर्गातले ६०० ते ७५०, हिंदीसाठी सुमारे ११००, आणि अरबी वा जपानीसाठी सुमारे २२०० तास लागतात. हे विद्यार्थी निवडक, प्रौढ आणि पगारी, वर्गही लहान. या आकड्यांवरून आपल्या शाळांसाठी थेट अनुमान काढणे योग्य नव्हे. पण आठवड्याला ३५ मिनिटांच्या तीन तासिकांनी वर्षाकाठी जेमतेम ६३ तास होतात, आणि तेही साठांच्या गर्दीत, हे शेजारी लिहून पाहायला हरकत नसावी.

जॉन कॅरोल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली शालेय अध्ययनाविषयी एक साधे प्रमेय मांडले. मूल किती शिकेल हे, त्याला शिकण्यासाठी जितका वेळ लागतो त्याच्या तुलनेत त्याला प्रत्यक्षात किती वेळ मिळतो, यावर ठरते. कॅरोल यांचा मूळ अभ्यास परभाषा शिकण्याच्या क्षमतेविषयीचा होता, हे येथे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. या प्रमेयाचा सामाजिक अर्थ महाराष्ट्रात गंभीर आहे. पुस्तकांनी भरलेल्या घरातील मुलाला कुमारभारतीतील धडा समजण्यासाठी शाळेची गरजच कमी. मेळघाटातील कोरकू बोलणारे, नंदुरबारच्या डोंगरातील पावरी किंवा भिली बोलणारे, गडचिरोलीतील गोंडी वा माडिया बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याच्या दृष्टीने जवळजवळ परकी भाषा असते. ती त्याला घरी मिळत नाही, अंगणात मिळत नाही. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. त्यांतील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची स्थितीही फार वेगळी नाही. ज्याला सर्वाधिक वेळ लागतो त्यालाही तेवढाच वेळ, असा आपल्या समानतेचा अर्थ झाला आहे.

येथे बाजारपेठही मदतीला येत नाही. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांत शाळेचा वेळ कमी पडला तर पालक खाजगी शिकवणीतून तो विकत घेतात. न परवडणारेही कर्ज काढून घेतात. हे इष्ट आहे असे नव्हे, पण पर्यायी पुरवठा अस्तित्वात आहे. मराठीसाठी शिकवणी लावणारे पालक शोधून सापडायचे नाहीत. भाषेपासून मिळणारा लाभ दूरचा, पसरट आणि मोजायला कठीण असतो. तो इतर प्रत्येक विषयाच्या आकलनात मिसळून जातो, म्हणून त्याची स्वतंत्र किंमत कोणी देत नाही. ज्या वस्तूचा पुरवठा बाजार करीत नाही तिची जबाबदारी सार्वजनिक व्यवस्थेवर पडते, हे तत्त्व मान्य असेल तर भाषेची तासिका सर्वांत शेवटी कापली गेली पाहिजे. प्रत्यक्षात ती सर्वांत आधी कापली जाते. संमेलनाच्या तालमीला मराठीचा तास, पाहुण्यांच्या स्वागताला मराठीचा तास, गैरहजर शिक्षकाच्या जागी बदली तासावर पाठवायलाही मराठीचाच शिक्षक; कारण ‘त्यांचा धडा मुले घरी वाचतील’.

शाळेबाहेरून होणारी वजाबाकी वेगळीच. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. २०२४ या एका वर्षात महाराष्ट्रातील शिक्षकांनी लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका पार पाडल्या. त्याआधी जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी अनेक शिक्षक दारोदार हिंडत होते. लोकशाहीची ही कामे महत्त्वाची आहेत, यात वाद नाही. पण त्यांची किंमत सरकारी अंदाजपत्रकात न दिसता सातवीच्या वर्गातील न शिकवलेल्या कवितेत दिसते. हाताशी असलेले मनुष्यबळ वापरले की खर्च झाला नाही असे मानण्याची प्रशासनाची सवय जुनी आहे.

भाषेला प्रात्यक्षिक का नाही

मग करायचे काय? भाषेला आणखी तासिका द्या, ही मागणी सोपी पण उथळ आहे. त्या कोठून आणायच्या हे सांगितल्याशिवाय ती करू नये. मुळात चूक आहे ती भाषेला व्याख्यानाचा विषय मानण्यात. विज्ञानाचे प्रात्यक्षिक असते तेव्हा तुकडी लहान गटांत विभागली जाते, सलग दोन तासिका दिल्या जातात, आणि शिक्षकाच्या कार्यभारात त्या मोजल्या जातात. परीक्षानळी स्वतः हातात धरल्याशिवाय रसायनशास्त्र येत नाही हे आपण मान्य केले आहे. स्वतः बोलल्या-लिहिल्याशिवाय भाषा येत नाही, हे मात्र मान्य नाही. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयात ८०-८० विद्यार्थ्यांसमोर मराठीचा प्राध्यापक व्याख्यान देतो, आणि शेजारच्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस विद्यार्थी प्रयोग करीत असतात. आठवड्यातील ६ पैकी २ तासिका सलग जोडून त्यांत निम्म्या तुकडीला संभाषण आणि लेखन, उरलेल्या निम्म्या तुकडीला त्याच वेळी ग्रंथालय किंवा चित्रकला, अशी रचना करता आली तर मुलाच्या वाट्याचा वेळ त्या सत्रात दुपटीहून अधिक होतो. बसायची आणि स्थिरावायची ५ मिनिटेही दोनदा जात नाहीत.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकाची. वर्षात जितके धडे आणि कविता ‘पूर्ण’ करायच्या असतात, तितक्या पूर्ण करण्याच्या घाईत एकही पुरता वाचला जात नाही. त्यांतील चौथा हिस्सा स्ववाचनासाठी सोडला तर साहित्याचे फार नुकसान होणार नाही. ज्या लेखकाचा धडा परीक्षेला नाही त्याला मुले अधिक आवडीने वाचतील, हाही संभव आहे. तिसरी गोष्ट तपासणीची. वह्या तपासण्याचा वेळ कार्यभारात धरायचा, म्हणजे तीन तुकड्यांच्या भाषाशिक्षकाला आठवड्याच्या तीन-चार तासिका कमी द्यायच्या. याला पैसे लागतील, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेत शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात. संचमान्यता विद्यार्थी मोजते, वह्या मोजत नाही. हा निकष बदलायचा तर राज्यभरात नवी पदे निर्माण करावी लागतील, आणि असलेली पदे भरण्याचाच अनुशेष असताना वित्त विभाग त्याला सहजासहजी संमती देणार नाही. त्याची नाखुशी समजण्यासारखी आहे. मात्र सक्तीचा कायदा करताना आणि नवी भाषा आणण्याचा निर्णय काढताना या पदांचा खर्च आधी मांडायला हवा होता.

जोडतासिकेला आणि धडे कमी करण्याला मात्र नवे पद लागत नाही. पहिली गोष्ट मुख्याध्यापकाच्या हातातील आहे, दुसरी पाठ्यपुस्तक मंडळाच्या. ज्या शाळांत ग्रंथपाल आहे आणि एक रिकामी खोली आहे, तेथे पाचवी ते आठवीच्या वर्गांना हा प्रयोग येत्या जूनपासून करता येईल. नववीला थोडी ओढाताण होईल. दहावीच्या वर्गाला ही जोडतासिका दुसऱ्या सत्रात टिकते की नाही, हे त्या शाळेच्या सराव परीक्षांचे वेळापत्रक पाहूनच सांगता येईल.